चित्रकलेच्या तासात शिकवायचे किती?

शिक्षक मित्रहो, प्राथमिक वर्गाचा चित्रकलेचा तास कसा घ्यावा, या प्रश्नाला सहसा दोन उत्तरे दिली जातात. फळ्यावर चित्र काढून मुलांना ते उतरवून घ्यायला सांगावे, हे एक. आणि कागद-रंग हाती देऊन मुलांना मोकळे सोडावे, हे दुसरे. पहिले उत्तर चुकीचे आहे हे आता बहुतेकांना पटलेले असते. दुसरे उत्तर कोणत्या वयापर्यंत पुरते, याचा विचार मात्र फारसा होत नाही, म्हणून आज मी प्रामुख्याने त्याविषयी बोलणार आहे.

मुलांना मोकळे सोडण्याच्या विचारामागे थोर माणसे आहेत. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांचा कलावर्ग सुरू केला, तो मुलांच्या चित्रांना त्यांचे स्वतःचे नियम असतात, ही श्रद्धा बाळगून. (त्या वर्गातील कागदकाम आणि छापचित्रे पाहिली की त्या काळच्या व्हिएन्नाची शैली त्यांत ओळखू येते; तेव्हा मोकळीक देणाऱ्या शिक्षकाचीही छाप पडतेच, हे ध्यानात असू द्यावे.) हे नियम कोणते, याचा उलगडा पुढे फ्रेंच अभ्यासक ल्युके यांनी केला. लहान मूल समोर जे दिसते त्यापेक्षा त्या वस्तूविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते काढते, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रीमन आणि जॅनिकून यांनी १९७२ मध्ये केलेला एक प्रयोग हेच दाखवतो. त्यांनी कप असा ठेवला की त्याचा कान पलीकडे लपावा आणि अलीकडच्या बाजूवरचे फूल दिसावे. पाच ते सात वर्षांच्या मुलांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारे फूल बहुधा वगळले. आठ वर्षांपासून पुढच्या मुलांनी नेमके उलट केले.

हे लक्षात घेतले, तर सहा वर्षांच्या मुलाने टेबलाचे चारही पाय चार दिशांना पसरून काढले किंवा भिंतीआडची माणसे दाखवली, तर त्यात दुरुस्त करण्यासारखे काही उरत नाही. टेबलाला चार पाय असतात आणि घरात माणसे असतात, हे त्याने बरोबरच सांगितलेले असते. या वयात शिक्षकाचे काम चित्र सुरू होण्यापूर्वीचे आहे. ‘पावसाचे चित्र काढा’ एवढे सांगून थांबले, तर मुले पाठ झालेला ढग आणि पाठ झालेल्या तिरक्या रेघा काढतात. त्याऐवजी छत्री धरताना मूठ कुठे येते, वारा आला की कोपर कसे वळते, हे प्रत्यक्ष करून पाहायला लावले, तर त्याच मुलांच्या चित्रात अचानक हात लांब होतात, बोटे उगवतात. ज्याची आठवण जागी झाली, तेवढे कागदावर येते. मात्र मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल कधीही टेकवू नये.

साहित्याबद्दल थोडेच सांगतो. मोठा कागद, जाड कुंचला आणि मोजके रंग पुरतात: तांबडा, पिवळा, निळा आणि पांढरा. हिरवा रंग तयार करताना पिवळ्यात थेंबथेंब निळा घालायला सांगावे, कारण निळ्यात पिवळा मिसळत बसले तर पिवळा भराभर संपतो.

बक्षिसांविषयी मात्र माझे मत ठाम आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितलेल्या बालवर्गातील मुलांनी पुढे आपणहून रंगपेनांशी जो वेळ घालवला, तो इतर मुलांच्या तुलनेत सुमारे निम्मा होता. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड घटली नाही. म्हणूनच या वयात चित्रस्पर्धा नसाव्यात, असे मला वाटते.

आता नऊ-दहा वर्षांच्या मुलांकडे वळू. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी नऊ ते बारा हा टप्पा वेगळा मानला, कारण या वयात मूल आपल्या चित्राकडे दुसऱ्याच्या नजरेने पाहू लागते. टेबलाचे पसरलेले पाय आता त्यालाच खटकतात, खोडरबराने कागद फाटेपर्यंत ते खोडते आणि शेवटी ‘मला चित्र येत नाही’ म्हणून वही मिटते. अशा मुलाला ‘तुला वाटेल तसे काढ’ म्हणणे म्हणजे त्याला एकटे टाकणे आहे. त्याला वाटेल तसे काढता येत नाही, हीच तर त्याची तक्रार असते. तंत्र शिकवल्याने मुलाचे स्वत्व हरवेल, ही भीती मला या वयापुरती अनाठायी वाटते.

शिकवण्याचा क्रम मात्र सांभाळावा लागतो. यथार्थदर्शनाचे, म्हणजे सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याचे, नियम आणि पट्टी आधी आणली, तर चित्राची भूमिती होते. सुरुवात आच्छादनाने करावी: दोन खोकी एकापुढे एक ठेवून मागच्या खोक्याची कोणती रेघ कुठे अडते, एवढेच विचारावे. मग खुर्चीच्या पायांमधल्या रिकाम्या जागेचा आकार काढायला सांगावा. खुर्ची कशी असते हे मुलाला ठाऊक असते, पण त्या पोकळीचा आकार ठाऊक नसतो, त्यामुळे त्याला पाहावेच लागते. छायाप्रकाश त्यानंतर, डोळे किलकिले करून. आणि एवढे करूनही ज्याचे हुबेहूबपणाशी जमत नाही, त्याच्यासाठी त्याच तासात ठसेकाम किंवा मातीकाम खुले ठेवावे. ते मागे पडलेल्यांचे काम आहे असे कोणाला वाटू नये, म्हणून अधूनमधून साऱ्या वर्गाला द्यावे.