तिसरी पाळी

(डोंबिवली. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दिवेलागणीची वेळ. बाहेरच्या दाराला आतून दोन कड्या. खालची जुनी, वरची नवी.)

साडेसहा झाले की आमच्याकडे टीव्ही बंद होतो आणि आई खुर्ची दाराला लावून बसते. मांडीवर निवडायची भाजी. आता आबा, माझे आजोबा, उठणार, हे तिला ठाऊक असतं.

आबा उठतात. सदऱ्याची बटणं लावतात, एक वर एक खाली. ओट्यावर चाचपून डबा शोधतात. मग दाराशी येऊन आईला विचारतात, "भोंगो वाजलो मां?"

आबांच्या मिलचा भोंगा शेवटचा कधी वाजला, हे घरात कुणाला धड आठवत नाही. आबांना तो रोज ऐकू येतो.

तिसरी पाळी रात्री बाराची. पण आबांची घाई दिवे लागायच्या आधीच सुरू होते. डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, बऱ्याच रुग्णांची घालमेल संध्याकाळीच वाढते. दिवसभराचा शीण, उतरता उजेड, झोप-जागेचं बिघडलेलं गणित, अशी कारणं डॉक्टर सांगतात. आईचं म्हणणं साधं आहे. "उजेड गेला की माणसाला घर आठवतं. यांना मिल आठवते, एवढंच."

(गॅलरीत बसलेले आबा. हातात रिकामा स्टीलचा डबा.)

हे चित्रण सुरू करण्याआधी मी आबांना विचारलं होतं, शूटिंग करू का? ते म्हणाले, "युनियनचा काय?" मी हो म्हटलं. ही परवानगी खरी धरायची की नाही, याचा निकाल माझ्याकडून अजून लागलेला नाही. एवढं मात्र ठरवलं, की त्यांची आंघोळ, त्यांचं रडणं, ओली चादर यांतलं काहीही या चित्रफितीत दिसणार नाही. ते आम्ही बघतो. तुम्ही बघायची गरज नाही.

आबा 83 वर्षांचे आहेत. विशीत कणकवलीजवळच्या गावातून बोटीनं मुंबईला आले, भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि लालबागला गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकली. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं. एक पाळीवर गेला की त्याच जागी दुसरा झोपायचा. आधी बदली कामगार, म्हणजे रोज गेटवर उभं राहायचं आणि कुणी आलं नाही तर त्याच्या जागी आत जायचं. मग कायम झाले. साचेखात्यात साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, उभे राहिले.

1982 च्या 18 जानेवारीला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आबा त्यांतले एक. आबा पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. काही वर्षं भाजीची गाडी लावली, मग एका सोसायटीत वीसेक वर्षं वॉचमन होते.

ती वीस वर्षं आता त्यांच्याजवळ नाहीत. आम्ही त्या सोसायटीचं नाव काढतो, ते आपले बघत राहतात. वॉचमनच्या गणवेशाची आबांना लाज वाटायची. गावी जाताना ते तो कधीच न्यायचे नाहीत. मला बरेच दिवस वाटत होतं, की नको होतं तेच नेमकं पुसलं गेलं. डॉक्टरांनी माझी ही कविकल्पना मोडीत काढली. म्हणाल्या, आजार निवड करत नाही. अल्झायमरमध्ये, म्हणजे आबांना झालेल्या डिमेन्शियाच्या प्रकारात, बहुधा अलीकडचं आधी जातं आणि जुनं मागे टिकतं. कानशिलाच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. नव्या आठवणी तिथे घडतात आणि झीज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

भाषेचंही तसंच झालं. मुंबईत येऊन शिकलेली मराठी विरत गेली आणि गावची मालवणी वर आली. आई घाटावरची, साताऱ्याकडची. घाटावरची सून नको म्हणून आबांनी लग्नात तोंड फिरवलं होतं. तीच आई आता, साठीला आल्यावर, मालवणी शिकली आहे. उच्चार अजून सातारीच. आबा तिला "आये" म्हणतात. सासऱ्याची आई व्हायला काही वाटत नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "सून म्हणून कुठं विचारत होते? आई म्हणून निदान ऐकतात तरी."

(टेबलावर औषधांचा डबा. सकाळ, दुपार, रात्र असे खण.)

सुरुवात झाली तेव्हा कुणाला कळलं नाही. दूधवाल्याला दोनदा पैसे दिले. लालबागला निघाले आणि कुर्ल्याला उतरले. आम्ही म्हटलं, वय झालं. साठी बुद्धी नाठी ही म्हण आपण इतक्या सहज तोंडावर टाकतो, की तिच्याआड दोन वर्षं निघून गेली. ती वाया गेली, असं मी म्हणेन. कारण विसरण्याची काही कारणं बरी होण्यासारखी असतात. बी-12 कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, काही औषधांचे परिणाम. ती तपासून बाजूला काढावी लागतात. आबांची तपासली, तर सगळं ठीक निघालं. मग मेंदूचा एमआरआय झाला आणि मग प्रश्न.

आज वार कोणता? आपण कोणत्या गावात आहोत? शंभरातून सात वजा करत जा. आबांना एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी डॉक्टरांनी कागद पुढे केला, घड्याळ काढा. आबा म्हणाले, "घड्याळ जॉबराकडे आसता. माझ्याकडे खंयसून?"

जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. हसलो आम्ही. डॉक्टरही हसल्या. मग त्यांनी कागदावर आजाराचं नाव लिहिलं.

गोळ्या मिळाल्या. काहींना त्यांनी थोडे दिवस बरं वाटतं, पण झालेली झीज भरून निघत नाही. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

भारतात साठीच्या पुढचे सुमारे 88 लाख लोक डिमेन्शियासह जगत असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात आहे. म्हणजे शंभरातले सातेक. आमच्या इमारतीत आबांखेरीज आणखी दोघं आहेत. ही गोष्ट आम्हाला पाच वर्षांनी कळली, तीही लिफ्ट बंद पडली म्हणून जिन्यात थांबलो तेव्हा.

(लालबाग. काचेचा टॉवर. शेजारी मिलची उरलेली चिमणी.)

पहिल्या वर्षी पप्पा आबांना खरं सांगायचे. "आबा, मिल बंद झाली. पाडली. तिथं टॉवर झालाय." रोज संध्याकाळी, न चुकता. पप्पांना वाटायचं, खरं सांगत राहिलो तर ते डोक्यात राहील. एका रविवारी त्यांनी टॅक्सी केली आणि आबांना थेट लालबागला नेलं. बघा, म्हणाले.

आबा टॉवरच्या गेटसमोर उभे राहिले आणि त्यांनी गार्डपुढे रिकामा तळहात धरला. बिल्ला दाखवतात तसा.

परतीच्या वाटेवर टॅक्सीत रडले. दुसऱ्या दिवशी लालबागला गेलेलं त्यांना आठवत नव्हतं. पण दोन दिवस नीट जेवले नाहीत. प्रसंग पुसला गेला, त्याचं दुःख मात्र अंगात राहिलं. या आजारात असं होतं, हे मला नंतर वाचून कळलं. त्याआधी आम्ही दररोज संध्याकाळी एका म्हाताऱ्याला त्याची मिल गेल्याची बातमी पहिल्यांदाच देत होतो.

तोडगा आईनं काढला. एकदा पप्पा घरी नव्हते, आबा कडीशी झटत होते आणि कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. आई ओट्यावरूनच ओरडली, "आबा, जातासा खंय? संप आसा!"

आबा थांबले. खुर्चीत बसले. आणि विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

आईला वाटलं, मेंदूचे डॉक्टर. ती म्हणाली, "गोळ्या वेळेवर घ्यायला सांगितल्यात." आबांनी तिच्याकडे असं बघितलं, की ही बाई कुठल्या जगात राहते! त्यांचे डॉक्टर म्हणजे संपाचे पुढारी दत्ता सामंत. अख्खं गिरणगाव त्यांना डॉक्टरच म्हणायचं.

त्या दिवसापासून आमच्याकडे संप आहे. एकच माणूस तो शब्द तोंडातून काढत नव्हता. पप्पा.

(पप्पा, पाठमोरे. आबांची नखं कापताना.)

संप सुरू झाला तेव्हा पप्पा तेरा वर्षांचे होते. पहाटे पेपर टाकायचे, दुपारी शाळा. पुढच्या वर्षी शाळा सुटली. आजीच्या पाटल्या गेल्या, मग मंगळसूत्रातलं सोनं. शेजारचे काहीजण गुपचूप कामावर परत गेले, आबा गेले नाहीत. पप्पांना त्याचा अभिमान होता आणि रागही. दोन्ही त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. कॅमेऱ्यासमोर एवढंच म्हणाले, "ज्या शब्दानं माझी शाळा गेली, तो रोज संध्याकाळी मी कशाला म्हणू? आणि खोटं कशाला बोलू?"

हे खोटं आहे का, एवढं मी शोधून पाहिलं. मुंबईतला गिरण्यांचा तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, संपला, सगळे म्हणतात. पण मिटला अशी घोषणा कुणी केली नाही. मी हे पप्पांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. नखं कापून झाल्यावर उठले आणि नेलकटर जागेवर ठेवला.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की डिमेन्शियाच्या रुग्णांची काळजी घेण्यातले सुमारे 70 टक्के तास बायका देतात. आमच्या घरचा आकडा त्याहून वरचा आहे. आईनं पतपेढीतली नोकरी निवृत्तीला चार वर्षं असताना सोडली. ब्युरोतून आणलेली बाई दोन महिने टिकली. आत्या बडोद्याहून फोन करते आणि पंचकर्म सुचवते. चार वर्षांत आई एका लग्नाला मुक्कामी गेलेली नाही. वैतागली की स्वयंपाकघराचं दार लावते आणि साताऱ्याच्या बोलीत एकटीच भांडते. एकदा तिनं आबांचा हात जोरात ओढला होता. मनगटाला वळ उठला. ती रात्रभर जागी होती. हे तिनंच मला सांगितलं आणि म्हणाली, हे चित्रफितीत घाल. "नाहीतर लोकांना वाटेल, मी देवी आहे."

वरच्या कडीची गोष्ट त्यानंतरची. एका रात्री आबा निघाले ते डोंबिवली स्टेशनच्या फलाटावर सापडले, परळच्या गाडीची वाट बघत. सदऱ्याच्या खिशात आमचा नंबर शिवलेला होता, म्हणून एका हमालानं फोन केला. दुसऱ्या दिवशी पप्पांनी वरची कडी बसवली. आबांचा हात तिथं पोचतो, पण कडी वर असेल हे त्यांच्या लक्षात येत नाही. स्क्रू पिळताना पप्पा मध्येच थांबले. तेव्हा मला पणजीची गोष्ट कळली.

(कणकवलीजवळचं गाव. कौलारू घर, पडवी, पडवीतला लाकडी खांब.)

पणजी म्हणजे आबांची आई. सत्तरच्या दशकात ती विसरायला लागली. विकलेल्या गाईंना हाका मारत कातरवेळी माळावर जायची, तांदूळ ट्रंकेत लपवायची. गावानं म्हातारचळ म्हटलं. देवाला कौल लावला, गाऱ्हाणं घातलं. आबा गणपतीला रजा काढून गेले, तर आई पडवीच्या खांबाला कासऱ्यानं बांधलेली. भावजयीनं बांधलं होतं. आबांनी दोरी सोडली आणि भावजयीशी मरेपर्यंत बोलले नाहीत.

त्या भावजयीच्या पदरात तेव्हा चार पोरं होती, शेत होतं, विहीर घराच्या खाली होती. आणि नवरा मुंबईला. आबांसारखाच, मनिऑर्डर पाठवणारा. आबांनी आईला सोबत मुंबईला का नेलं नाही, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारलेला नाही. नेणार कुठे होते म्हणा, वीस माणसांच्या खोलीत?

पणजी, मग आबा. पुढे कोण, हा हिशोब घरात मनातल्या मनात चालतो. पप्पा चष्मा विसरले तरी आई त्यांच्याकडे बघते. डॉक्टर म्हणाल्या, उतारवयात होणारा अल्झायमर सरळ वारशानं येतोच असं नाही. जवळच्या नात्यात असेल तर धोका थोडा वाढतो. आपल्या हातात आहे ते रक्तदाब, साखर, तंबाखू, चालणं आणि कान सांभाळणं. कानांचं ऐकून मी दचकले. कमी ऐकू येणं हेसुद्धा डिमेन्शियाचा धोका वाढवणारं एक कारण मानलं जातं. साचेखात्याच्या धडधडीत आबांचे कान चाळिशीतच गेले होते. त्याचा याच्याशी संबंध आहे का, हे कुणी सांगू शकणार नाही. पप्पांची कानाची तपासणी मात्र मी करून घेतली.

(सुताची रिळं. नऊ वर्षांच्या मुलाचे हात, शेजारी आबांचे.)

माझा भाचा आबांना मोठे आबा म्हणतो. त्याला शाळेतून विणकामाचा प्रकल्प मिळाला होता, दोरा सारखा तुटत होता. आबांनी तो हातातून काढून घेतला, दोन टोकं चिमटीत धरली आणि गाठ मारली. डोळ्यांना दिसलीही नाही इतकी झटकन, आणि बोटांना लागणार नाही इतकी बारीक. स्वतःचा मुलगा न ओळखणारा माणूस. हातांची सवय मेंदूत दुसरीकडे साठवलेली असते, ती उशिरापर्यंत टिकते. आता भाचा रोज शाळेतून आला की मुद्दाम दोरे तोडून ठेवतो. "मोठे आबा, खातं सुरू!" आबा तासभर गाठी मारतात. तेवढ्या वेळात आई झोपते.

हा व्हिडिओ मी तिथेच संपवणार होते. पण परवा वीज गेली, इन्व्हर्टर नव्हता, आबा फार बिथरले. आई तापानं पडून होती. मी "संप आसा" म्हटलं, पण माझ्या मालवणीवर त्यांचा विश्वास बसेना. रात्रीचे अकरा वाजले होते.

पप्पा कामावरून आले. बूटही न काढता दारात आबांसमोर उभे राहिले.

"आबा, संप आहे."

आबांनी मेणबत्तीच्या उजेडात त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तू कोणाचो रे?"

"तुमच्याच खात्यातला."

"तिकीट नंबर?"

पप्पांनी नंबर सांगितला. तो आबांचाच होता. लहानपणी डबा पोचवायला जायचे तेव्हा गेटवर सांगावा लागायचा, तो. आबांनी मान हलवली आणि खुर्चीवर थोडं सरकून जागा केली.

"मगे बस. उभो कित्याक?"