पोरानं ‘हो’ म्हटलं, मग झडती कायदेशीर झाली का?

मंडळी, विषय फलकावर आहेच. आईबाप घरी नसताना अल्पवयीन मुलानं पोलिसांना झडतीची परवानगी दिली, तर ती चालते का? उत्तर शेवटी देतो, नाहीतर अर्धा मांडव आत्ताच उठंल. (हशा)

कापूस वेचणीचे दिवस धरा. मायबाप वावरात, घरी चौदा वर्षांची पोट्टी. वर्धा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळं मोहाच्या दारूसाठी गाडी दारात येणं कोणाला नवं नाही. पोट्टी म्हणते, ‘पाहा ना साहेब.’ मग कागदावर येतं, ‘घरातील इसमाच्या संमतीने झडती घेतली.’

या वाक्याकडं येतो, पण आधी पंचांचं बोलू द्या, खरं दुखणं तिथं आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कामकाजाची भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिचं कलम १०३ सांगतं, झडती सुरू होण्याआधी त्याच वस्तीतले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी बोलवा. तिथं कोणी मिळालंच नाही किंवा तयारच झालं नाही, तर दुसरीकडचे. आणि होतं काय? ठाण्यासमोरचा पानठेलेवाला, तोच दर पंचनाम्यावर. किंवा पोलीस पाटील. पाटील भाऊ, तुम्ही समोरच बसलात, रागावू नका, पण १९६७ च्या कायद्यानं पोलिसांना मदत करणं हे तुमचं कामच आहे. मग बचावाचा वकील तुमच्या ‘स्वतंत्र’पणावर बोट ठेवणारच. खटला उभा राहीपर्यंत पंच म्हणतो, ‘सही माझी, मजकूर वाचला नाही.’ झाला फितूर.

सापडलेल्या मालाच्या यादीचंही तेच. वस्तूसोबत ती कुठं सापडली, हेही लिहायचं असतं. ‘घरातून एक कॅन’ ही यादी नव्हे. ‘पाच लिटरची पांढरी प्लास्टिक कॅन, निळं झाकण, चुलीच्या डाव्या बाजूला पोत्याखाली, आत अंदाजे तीन लिटर द्रव, पैकी १८० मिली सी.ए. (रासायनिक विश्लेषक) नमुन्यासाठी बाटलीत काढून लाखेचं सील’ ही यादी. चुलीजवळ की आवाराबाहेरच्या कुंपणात, यावर कॅन कोणाची ते ठरतं. कलम १०५ प्रमाणं झडतीचं चित्रीकरण करायचं, आणि त्यात यादी करणं नि पंचांच्या सह्याही आल्या पाहिजेत. ठाण्यात बसून पंचनामा लिहिण्याची सोय तिथं संपते. निदान कागदावर तरी.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. शेवटची यष्टीही आहे. तर मूळ प्रश्न.

‘संमतीची झडती’ हे अमेरिकेतलं प्रकरण. आपल्या झडतीच्या कलमांत संमती नावाचा रस्ताच नाही. झडती एकतर वॉरंटवर, नाहीतर वॉरंटशिवाय कलम १८५ वर. त्यात अधिकाऱ्यानं कारण आधी लिहून ठेवायचं, काय शोधायचं तेही शक्यतो लिहायचं, नि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडं पाठवायची. दारूबंदीसारख्या खास कायद्यांतही अधिकार कायद्यानंच दिलेला असतो, घरच्याच्या ‘हो’नं नाही. म्हणून पोट्टीच्या ‘हो’नं बेकायदा झडती कायदेशीर होत नाही, आणि ‘नाही’नं कायदेशीर झडती अडत नाही. वयाचा प्रश्न तिथं उरतच नाही. पण झडती चुकीची म्हणून सापडलेला माल आपोआप बाद होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्ये पूरणमल प्रकरणात तसं सांगितलंय. न्यायालय पुरावा जास्त बारकाईनं तपासू शकतं, एवढंच.

पोरांना शिकवा. दार अडवायचं नाही. ‘मायबापाला फोन लावतो, शेजारच्या काकूला बोलावतो’ म्हणायचं, कारण घरवाल्याच्या वतीनं कोणी हजर राहू देणं बंधनकारक आहे. मुलीची अंगझडती फक्त महिलेनं, मर्यादा राखून. पंधरा वर्षांखालच्या मुलाला आणि कुठल्याही वयाच्या मुलीला साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, घरीच विचारायचं (कलम १७९). संशय पोरावरच असेल तर बालन्याय कायदा २०१५: कोठडी नाही, पालकांना कळवणं, प्रवास सोडून २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर. त्याच्या जबाबावर त्याची सही मागायची नाही.

आणि कलम १८५ च्या नोंदीची नक्कल घरमालकाला दंडाधिकाऱ्याकडं अर्ज केल्यावर फुकट मिळते. मोबाइलच्या लॉकचं राहिलं, ते बाहेर चहाजवळ विचारा.