पाऊण तासाची नोंद

जुलै २००५. अमेरिकेतलं कनेक्टिकट राज्य. तिथल्या ग्रंथालयांची कॉम्प्युटरव्यवस्था सांभाळणारी 'लायब्ररी कनेक्शन' ही छोटी संस्था. एफबीआयचे दोन अधिकारी एक पत्र घेऊन आले. १५ फेब्रुवारीला दुपारी चार ते पावणेपाच या वेळात अमुक एका इंटरनेट पत्त्यावर कोण होतं, त्याची सगळी नोंद द्या.

पाऊण तासाचा हिशेब, तोही पाच महिन्यांनी. इतक्या दिवसांत न्यायाधीशाचं दार वाजवायला वेळ मिळाला नसेल, असं म्हणणं अवघडच.

या पत्राला म्हणतात नॅशनल सिक्युरिटी लेटर. त्यावर सही असते एफबीआयच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याची. न्यायाधीशाची लागत नाही. तुम्ही फोनवर काय बोललात ते यातून कळत नाही. कोणाशी, कधी, किती वेळ बोललात ते मात्र कळतं. बँकेतले व्यवहारही. २००३ ते २००५ या तीन वर्षांत अशा मागण्या किती झाल्या, ते न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनीच नंतर मोजलं: १,४३,०७४.

आणि पत्र आलंय, हे कोणाला सांगायचं नाही.

संस्थेतली चौघं तरीही कोर्टात गेली, खरं नाव लपवायला अमेरिकी कोर्टात वापरतात त्या 'जॉन डो' या नावाआड. सुनावणी ब्रिजपोर्टला. स्वतःच्याच खटल्याला हजर राहायची मनाई, म्हणून ती हार्टफर्डच्या कोर्टातल्या एका खोलीत बसून टीव्हीवर बघत होती. गंमत अशी, की कोर्टाच्या कागदांत संस्थेचं नाव खोडायचं राहून गेलं आणि पेपरात छापूनही आलं. तोंडबंदी तरी कायम!

सप्टेंबरमध्ये न्यायाधीश जॅनेट हॉल यांनी तोंडबंदी घटनेत बसत नाही, असा कौल दिला. सरकार अपिलात गेलं, आदेश लांबला. तिकडे संसदेत, अशा पत्रांची व्याप्ती ज्याने वाढवली त्या पेट्रियट कायद्याला मुदतवाढ द्यायची चर्चा जोरात. ज्यांच्यावर प्रसंग आला होता, ते गप्प. मार्च २००६ मध्ये मुदतवाढीवर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. एप्रिलमध्ये सरकारने तोंडबंदीचा हट्ट सोडला.

२०१५ च्या यूएसए फ्रीडम कायद्यानंतर, पत्र मिळालेल्याने हरकत घेतली तर तोंडबंदी टिकवायला सरकारला ३० दिवसांत कोर्टात जावं लागतं. पण हरकत घेणार कोण? बँक किंवा फोन कंपनी. ज्याची नोंद, त्याच्या हाती पत्र पडतच नाही.

राहता राहिला तो पाऊण तास. जून २००६ मध्ये एफबीआयने ती मागणीच सोडून दिली.