चिमटा आणि सीरम

(मागचे पाय फरफटवत येणारा डॅशहुंड)

कालपर्यंत हा सोफ्यावर उड्या मारायचा. आज सकाळी मागचे दोन्ही पाय लुळे. लांबलचक पाठ, आखूड पाय. डॉक्टरांना फारसं विचारावं लागत नाही. मणक्यातली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आला आहे.

(बोटांवर चिमटा)

हा चिमटा नीट बघा. पाय आखडला म्हणून हुरळून जायचं नाही, ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. डॉक्टर बघतायत ते तोंडाकडे. मान वळली का? केकाटला का? वेदना मेंदूपर्यंत पोहोचते की नाही, ते यावरून ठरवायचं. आणि घाबरलेला कुत्रा कधीकधी नुसताच गप्प राहतो.

(सेंट्रिफ्यूज, मग नळी जवळून)

कुत्र्याचं रक्त या यंत्रात दहा मिनिटं गरगरलं, की खाली लाल गाळ आणि वर फिकट पिवळं सीरम. मज्जारज्जू चिरडला की आतली प्रथिनं बाहेर झिरपतात, त्यातली थोडी रक्तात उतरतात. इजा किती, ते त्यावरून कळेल का, हा शोध. ताऱ्यासारख्या ॲस्ट्रोसाइट पेशींचं जीएफएपी. मज्जातंतूच्या लांब धाग्याला आतून आधार देणारं न्यूरोफिलामेंट. न्यूरॉनमधलं, म्हणजे चेतापेशीतलं, एनोलेजही येतं, पण ते तांबड्या पेशींतही असतं. रक्त काढताना ओढाताण झाली, सीरम गुलाबी दिसलं, तर तो आकडा धरायचाच नाही. हात हलका हवा.

(गोठा, रवंथ करणाऱ्या गाई)

गाई मध्येच कुठून आल्या? १९६५ साली अमेरिकेत ब्लेक मूर यांनी एस१०० हे प्रथिन वेगळं केलं, ते गुरांच्याच मेंदूतून. अमोनियम सल्फेटच्या १०० टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळलेलं राहिलं, म्हणून हे नाव. पुढे त्यातल्या एका प्रकाराची, एस१००बीची, चाचणी डोक्याला मार लागलेल्या माणसांसाठी युरोपात वापरात आली. २०१८ मध्ये अमेरिकेत जीएफएपी आणि न्यूरॉनमधलंच यूसीएच-एल१ हे प्रथिन, या दोघांच्या रक्तचाचणीला परवानगी मिळाली, तीही माणसांसाठीच. कुत्र्यांवर अभ्यास झाले आहेत. मज्जारज्जू पुढेपुढे मरत गेलेल्या कुत्र्यांच्या रक्तात जीएफएपी सापडलंही आहे. पण या टेबलावर अजून चिमटाच आहे.

(फ्रीजरचं दार)

याचं सीरम अभ्यासासाठी उणे ८० अंशांत गेलं.

ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. वेदनेची जाणीवच हरपलेल्या कुत्र्यांपैकी साधारण निम्मे ऑपरेशननंतर पुन्हा चालतात.

(अंगण)

दहावा दिवस. पोटाखालून घातलेला जुना पंचा, दोन्ही टोकं मालकिणीच्या हातात.