कार्तिकात फुलणारी चेरी

श्रोतेहो, नमस्कार.

मागे एका नोव्हेंबरात अल्मोड्याजवळच्या पायवाटेनं चाललो होतो. झाड दिसण्याआधी कानावर आला तो मधमाश्यांचा आवाज. वळण घेतलं, आणि समोर गुलाबी झालेलं झाड! खाली गवत पिवळं पडलेलं, शेतातला मंडुवा, म्हणजे आपली नाचणी, कापून झालेला, आणि थंडीच्या तोंडावर हा बहर.

हे झाड म्हणजे हिमालयाची रानचेरी. गढवाल-कुमाऊंत तिला पय्यां म्हणतात, हिमाचलात पाजा. डेव्हिड डॉन यांनी १८२५ साली तिचं शास्त्रीय वर्णन छापलं. नाव प्रूनस सेरासॉइडिस. साधारण १२०० ते २४०० मीटर उंचीवर ती वाढते. साल तांबूस, चकचकीत, आडव्या रेघांची.

लोक कौतुकानं तिला ‘भारताचा साकुरा’ म्हणतात. मला ते पटत नाही. जपानची चेरी हिवाळा सरल्यावर फुलते, ही हिवाळा यायच्या आधी. डोंगरात फुलं संपत आलेली असताना मधमाश्यांना थंडीची बेगमी करून देते, हा तिचा स्वतःचा मोठेपणा आहे. पहाडी माणसाला तो ठाऊक आहे. तिथं लग्नाच्या मांडवाला पय्यांच्या फांद्या लागतात.

वसंतात फळं पिकतात, छोटी आणि आंबट. ती बुलबुलांसारखे पक्षी खातात आणि बी लांबवर टाकतात. थायलंडमध्येही ही चेरी रानात वाढते. तिथं चिआंग माई विद्यापीठात १९९४ मध्ये सुरू झालेल्या वनसंशोधन केंद्रानं उजाड डोंगरांवर जंगल परत आणण्यासाठी जी देशी झाडं निवडली, त्यांत हीसुद्धा आहे. ती झपाट्यानं वाढते, लहानपणीच फुलते-फळते. फळांसाठी पक्षी येतात आणि येताना दुसऱ्या झाडांच्या बिया घेऊन येतात. एक झाड लावलं की मागून आणखी झाडं आपली आपण उगवतात.

आणि आपल्याकडे? आपल्या डोंगरांत ही झाडं नाहीत, पण आपल्या वैद्यांना ती शतकानुशतकं माहीत आहेत. चरकसंहितेत कांती सुधारणाऱ्या, म्हणजे वर्ण्य द्रव्यांत चंदन, वाळा, मंजिष्ठा यांच्याबरोबर ‘पद्मक’ येतं. दुकानात मिळणारं पद्मकाष्ठ म्हणजे याच चेरीचं लाकूड. लाकूड हवं तर झाड तोडावं लागतं, म्हणून ते लागवडीतून यावं असं मला मनापासून वाटतं.

घरात चंदनासव या आयुर्वेदिक औषधाची बाटली असेल, तर तिच्यावरची घटकांची यादी आज जरूर वाचा. त्यात पद्मक सापडेल. कार्तिकात गुलाबी होणारं, मधमाश्यांनी घुमणारं झाड ते हेच.

नमस्कार.