समुद्रघोडा, पूल आणि घोड्याची शेपटी: मज्जासंस्थेच्या नावांचा शोध

[पांढऱ्या ट्रेच्या कडेला धातूचा बिल्ला, त्यावर एक क्रमांक. हातमोजे घातलेले दोन हात मेंदू उचलतात.]

हा मेंदू असा दोन्ही हातांत उचलून धरता येतो, यामागे काही आठवड्यांची तयारी आहे. मृत्यूनंतर लगेच कवटीतून काढलेला मेंदू इतका मऊ असतो की टेबलावर ठेवल्यास तो स्वतःच्याच भाराने बसतो आणि त्याचा आकार बिघडतो. कवटीत असताना हा प्रश्न येत नाही, कारण तिथे तो मस्तिष्कमेरुद्रवात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पातळ द्रवात, जवळजवळ तरंगत असतो आणि त्याचे सुमारे 1,400 ग्रॅम वजन त्या द्रवात 50 ग्रॅमच्या आसपास भरते. बाहेर काढल्यावरही हे तरंगणे टिकवावे लागते. म्हणून मेंदूच्या तळाशी असलेल्या बॅसिलर धमनीखालून दोरा ओवतात, दोऱ्याची टोके बादलीच्या काठाला बांधतात आणि फॉर्मॅलिनच्या द्रावणात मेंदू उलटा लोंबता ठेवतात. दोन ते तीन आठवड्यांत त्या द्रावणातील फॉर्माल्डिहाइड आतपर्यंत झिरपते, प्रथिनांचे रेणू एकमेकांना जखडते आणि मेंदू सुरीचा काप सहन करण्याइतका घट्ट होतो. 1893 मध्ये फर्डिनांड ब्लूम हे जर्मन वैद्य फॉर्मॅलिनची जंतुनाशक म्हणून पारख करीत होते. त्या कामात स्वतःच्याच बोटांची कातडी कडक झालेली पाहून ऊती टिकवण्याचा हा मार्ग त्यांना सुचला.

या विच्छेदन कक्षातील प्रत्येक देह कोणीतरी जिवंतपणी, स्वेच्छेने देऊ केलेला आहे. मज्जासंस्थेची नावे इथे, या टेबलांपाशी शिकावीत, असे आम्हाला मनापासून वाटते, कारण ती जन्मली अशाच टेबलांपाशी. पुस्तकातून पाठ करताना ती अवघड आणि परकी वाटतात; समोर ती वस्तू असली की त्यांतली कितीतरी नावे रोजच्या बोलण्यातले शब्द निघतात. कॉर्टेक्स म्हणजे झाडाची साल, इन्सुला म्हणजे बेट, ॲमिग्डला म्हणजे बदाम, आणि लहान मेंदूच्या दोन भागांना पुढून सांधताना दिसणारा पॉन्स म्हणजे पूल.

[हाताचे विच्छेदन. चिमटा तीन दोरांखालून आळीपाळीने जातो.]

मनगटाच्या वर उचललेल्या या तीन दोरांपैकी एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर आहे, एक धमनी आणि एक मज्जातंतू. मराठीत बोलताना आपण तिन्हींना सहज नस म्हणून मोकळे होतो: पोटरीत नस आखडते, कमरेत नस दबते आणि काच लागून नस कापली की रक्त वाहते. ग्रीक भाषेतही असाच गोंधळ होता. ज्या 'न्यूरॉन' या शब्दावरून न्यूरॉलॉजी हे नाव आले, त्याचा मूळ अर्थ कंडरा किंवा धनुष्याची दोरी असा होता. इ. स. पूर्व 300 च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथे मानवी देहांचे विच्छेदन करणाऱ्या हिरोफिलस यांनी मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याशी जोडलेले तंतू इतर दोरांपासून वेगळे ओळखले. संगणकावरील त्रिमित प्रतिकृतीत मज्जातंतू पिवळा, धमनी लाल आणि नीला निळी असते, त्यामुळे ओळखण्याचे कष्टच उरत नाहीत. देहात असे रंग भरलेले नसतात. तिथे बोटांनी दाबून पाहावे लागते. कंडरा ताठ आणि चकचकीत असते, धमनी पोकळ असल्याने चिमटीत चपटी होते, तर मज्जातंतू भरीव असतो आणि तो सैल असताना त्याच्या पृष्ठभागावर बारीक आडव्या रेघा दिसतात.

[कवटीचा वरचा भाग काढलेला. चिमट्याने आवरण हळूहळू मागे ओढले जाते.]

जाड पुठ्ठ्यासारखे सोलले जाणारे हे आवरण म्हणजे ड्युरा मेटर, शब्दशः 'कठीण माता'. मेंदूच्या प्रत्येक घडीत शिरून त्याला चिकटून राहणारे सर्वांत आतले पातळ आवरण म्हणजे पाया मेटर, 'कोमल माता'. ही आईची उपमा अरबी वैद्यांची आहे. त्यांच्या ग्रंथांचे लॅटिन भाषांतर होताना ती शब्दाला शब्द अशी युरोपात गेली आणि पुढे जगभरच्या वैद्यकात राहिली. या दोहोंमधले ॲरॅक्नॉइड, म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखे, आवरण पाहायचे असेल तर प्रकाश तिरका पाडावा लागतो. चिमट्याच्या टोकाशी आता जे बारीक धागे ताणले जात आहेत, त्यांच्यावरून हे नाव पडले. दोन गोलार्धांच्या मधल्या फटीत उतरलेली ड्युराची घडी विळ्यासारखी वाकलेली आहे, म्हणून तिचे नाव फाल्क्स, म्हणजेच विळा. लहान मेंदूवर पसरलेली घडी टेंटोरियम, म्हणजे तंबू. या आवरणांना सूज आली की त्या आजाराला मेनिंजायटिस म्हणतात, आणि त्यात उपचाराला झालेला उशीर जीवघेणा ठरू शकतो.

[मेंदूच्या कडेचा भाग उघडला जातो. शेजारी काचेच्या बशीत वाळवलेला समुद्रघोडा.]

कानशिलामागील खंडाच्या आतली पोकळी उघडल्यावर तिच्या तळाशी एक वळलेला उंचवटा दिसतो. 1587 मध्ये इटलीतील जुलिओ चेझारे अरांझी यांनी त्याचे वर्णन लिहिले, तेव्हा नेमकी कोणती उपमा द्यावी याविषयी त्यांचे मन डळमळले होते. समुद्रघोडा की रेशमाचा किडा, असे दोन्ही पर्याय त्यांनी लिहून ठेवले. समुद्रघोडा टिकला आणि त्याचे ग्रीक नाव हिप्पोकॅम्पस रूढ झाले. पुढच्या काळात कोणाला त्यात मेंढ्याचे शिंग दिसले, आणि त्या 'अम्मोनच्या शिंगा'च्या लॅटिन नावाची, कॉर्नू अम्मोनिसची, आद्याक्षरे आजही या भागातील पेशींच्या पट्ट्यांना सीए1, सीए3 अशी लावली जातात. अवयव एकच आहे, फक्त पाहणाऱ्यांचे डोळे वेगळे. बशीतला समुद्रघोडा आणि ट्रेमधला हा उंचवटा कॅमेऱ्याने शेजारी शेजारी ठेवले आहेत. नवी आठवण घडवण्याचे काम या भागावर अवलंबून असते आणि अल्झायमरच्या आजारात त्याला फार लवकर इजा पोहोचते.

[गोठवलेला मेंदू. लाकडी पट्टीने पांढरे धागे उकलले जातात.]

आता दिसणारी पद्धत स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील योझेफ क्लिंगलर यांनी 1930 च्या दशकात विकसित केली. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेला मेंदू धुऊन शून्याखालच्या तापमानात काही दिवस गोठवतात. त्याच्यातील द्रवाचे स्फटिक होताना ते फुगतात आणि तंतूंच्या जुड्या एकमेकींपासून किंचित दूर सारतात. मेंदू वितळल्यावर धातूचे धारदार हत्यार बाजूला ठेवले जाते आणि बोथट लाकडी पट्टीने, तंतूंच्या दिशेनेच, एकेक जुडी सोलली जाते. दिशा चुकली की धागे तुटतात आणि तो भाग पुन्हा मिळत नाही. एका गोलार्धाची एक बाजू पूर्ण उकलायला अनेक दिवसांची बैठक लागते. वर पंख्यासारखे उलगडणारे हे तंतू म्हणजे कोरोना रेडिएटा, किरणांचा मुकुट. खाली जाताना ते दाटीने एकत्र येतात आणि एका अरुंद वाटेतून उतरतात. तिला इंटर्नल कॅप्सूल म्हणतात. दोन गोलार्धांना जोडणारा हा जाड पांढरा पट्टा, कॉर्पस कॅलोसम, सुमारे 20 कोटी तंतूंचा आहे. इंटर्नल कॅप्सूलमध्ये लहानशी रक्तवाहिनी बंद पडली तरी विरुद्ध बाजूचे अर्धे अंग लुळे पडू शकते. हेमिप्लेजिया या शब्दात हेमी म्हणजे अर्धा आणि प्लेजिया म्हणजे आघात, म्हणजेच आपला अर्धांगवायू.

[पाण्याने भरलेला उथळ ट्रे. मज्जारज्जूचे खालचे टोक पाण्यात सोडले जाते.]

प्रौढ माणसाचा मज्जारज्जू साधारण 42 ते 45 सेंटिमीटर लांब असतो आणि पाठीच्या कण्यात शेवटपर्यंत न जाता कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, कारण वाढीच्या वयात कणा रज्जूपेक्षा अधिक लांबतो. मज्जारज्जूतून मज्जातंतूंच्या 31 जोड्या निघतात. खालच्या जोड्यांची मुळे आपापल्या मणक्यापर्यंत पोहोचण्यासाठी रज्जूच्या टोकाखाली लांबवर उतरतात, आणि हवेत धरली तर एकमेकींना चिकटून त्यांची नुसती गुंतवळ होते. पाण्यात सोडल्यावर मात्र ती आता पडद्यावर दिसतात तशी मोकळी सुटतात. कॉडा इक्वाइना, घोड्याची शेपटी, हे नाव ज्याने हे असे पाहिले, त्याला समजावून सांगावे लागत नाही. पाठीतून मस्तिष्कमेरुद्रव काढताना सुई याच पातळीवर घालतात, कारण इथे रज्जू नसतो आणि सुटी मुळे सुईच्या टोकापासून बाजूला सरकतात.

1895 मध्ये, याच बाझेल शहरात, शरीररचनेच्या नावांची पहिली आंतरराष्ट्रीय यादी संमत झाली. एकाच भागाची अनेक नावे गाळली गेली आणि पुढच्या काळात माणसांवरून पडलेली नावेही अधिकृत यादीतून वगळली गेली. तरीही मेंदूच्या तळाशी धमन्यांचे जे कडे आहे, त्याला बहुतेक डॉक्टर आजही, 1664 मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या थॉमस विलिस यांच्या नावानेच ओळखतात.

[दिवे मंदावतात. ओल्या कापडाच्या घड्या.]

दिवसाचे काम संपल्यावर सोललेल्या तंतूंचे तुकडे, आवरणाच्या पट्ट्या आणि पाण्यातून काढलेली मुळे, यांपैकी काहीही टाकून दिले जात नाही. अंत्यसंस्काराच्या दिवशी देह शक्य तितका पूर्ण असावा, यासाठी सगळे ओल्या कापडात गुंडाळून, ट्रेच्या कडेला जो क्रमांक आहे, त्याच क्रमांकाच्या पेटीत ठेवले जाते.