दुकान कुणाच्या नावावर, सही कुणाची?

नमस्कार श्रोतेहो.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एखाद्या अडत दुकानात सकाळी डोकावलात, तर गादीवर पंचाहत्तरीचे तात्या दिसतील आणि शेजारी पन्नाशीला टेकलेला मुलगा. सौदे मुलगा करतो, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशेब, तोच करतो, गुजरातच्या व्यापाऱ्याशी फोनवर भावही तोच ठरवतो. चेकवर सही मात्र तात्यांची. लग्नाकार्याला परगावी निघाले की तात्या कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवतात. मी हिशेब तपासणारा माणूस. अशी दुकानं मला नेहमी भेटतात, आणि तात्यांपुढे "पुढं काय?" असं विचारायची सोय नसते. विचारलं की घरात सगळ्यांना वाटतं, हा माणूस अभद्र बोलतोय.

आता व्यवहार बघा. धंदा तात्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. ते गेल्याचं बँकेला कळलं की त्या सहीचे चेक थांबले. जीएसटी नंबर त्यांच्या पॅनवर, म्हणजे मुलाला नवा नंबर घ्यायचा आणि जुन्या नंबरवर शिल्लक असलेली क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, आयटीसी-02 हा फॉर्म भरून आपल्याकडे वळवून घ्यायची. बाजार समितीचा परवाना त्यांचा, कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीचं बँकेचं कर्जखातं, तेही त्यांच्या सहीचं. बँक म्हणणार, सगळे वारस घेऊन या. ऐन हंगामात हे झालं, तर दारात शेतकरी पैशासाठी उभा आणि खातं बंद.

यावर ठरलेलं उत्तर असतं, "नॉमिनी लावलाय की!" पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे ताब्यात घेऊन खऱ्या वारसांपर्यंत पोचवणारा तो माणूस. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. मग वारस कोण? हिंदू वारसा कायद्याप्रमाणं, मृत्युपत्र नसेल तर स्वकष्टाच्या मिळकतीत बायको, मुलगे आणि मुली सारख्या वाट्याचे. आई हयात असेल तर तीसुद्धा. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मतःच हक्क आहे, आणि त्यासाठी त्या वेळी वडील हयात असण्याची गरज नव्हती, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानं पक्कं केलं.

"बहिणी काय, हक्कसोडपत्र देतीलच" हे वाक्य मला मुळीच आवडत नाही. देतीलही. पण त्यांना विचारायचं ते वडिलांच्या देखत, ते हिंडते-फिरते असताना. तेराव्याच्या जेवणानंतर कागद पुढं सरकवून नव्हे.

भांडणाचं मूळ मात्र वेगळीकडेच असतं. पंचवीस वर्षं दुकानात खपलेल्या मुलाला पगार नसतो. "घरचाच धंदा, पगार कसला?" लागेल तसे गल्ल्यातून घ्यायचे. पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्याला वाटतं, दुकान बाबांचं, निम्मं माझं. थोरला म्हणतो, बाबांच्या वेळी उलाढाल केवढी होती आणि मी ती कुठं नेली! दोघंही खरंच बोलत असतात. वहीत थोरल्याचा दरमहा पगार पडला असता, तर त्याच्या कष्टाचा हिशेब वेगळा निघाला असता आणि उरलेला नफा मालकीचा म्हणून वाटता आला असता. मालकी आणि कारभार या दोन गोष्टी आहेत. पुण्याच्या भावाला किंवा कराडच्या बहिणीला हिस्सा मिळाला म्हणजे त्यांना गादीवर बसवलंच पाहिजे असं नाही. आणि गादीवर बसतो म्हणून सगळं त्याचंच, असंही नाही.

मोठ्या घरांचं तरी काय वेगळं? धीरूभाई अंबानी 2002 मध्ये मृत्युपत्र न करता गेले. भावाभावांतला तंटा चव्हाट्यावर आला आणि 2005 मध्ये आईनं मध्ये पडून वाटणी केली. उलट 1897 पासूनच्या गोदरेज समूहाची वाटणी 2024 मध्ये आपसात झाली. आदी आणि नादिर या भावांकडे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आल्या. चुलतभाऊ जमशेद आणि त्यांची बहीण स्मिता यांच्याकडे गोदरेज अँड बॉईस आणि विक्रोळीची जमीन. कर्तीसवरती माणसं समोरासमोर बसली होती, म्हणून ते जमलं.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर चालतं. सही दोन साक्षीदारांसमोर करायची आणि त्यांच्याही सह्या घ्यायच्या. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवा. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, नंतर शंकाकुशंका निघतात.

तात्यांनी मुलाला भागीदार करून घेतलं तर? चांगलंच. पण नुसत्या दोघांची भागीदारी असेल, तर एक गेला की फर्म संपते. भागीदारीपत्रात "फर्म चालू राहील" असं लिहिलेलं असलं तरी, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. तिसरं नाव हवं. बहुतेक दुकानांत ते शोधायला लांब जावं लागत नाही. संगणकावर टॅलीत हिशेबाच्या नोंदी करणारी, उधारीच्या याद्या तोंडपाठ असलेली, जीएसटीची तारीख न चुकवणारी सून आतल्या खोलीत बसलेली असते. तिचं नाव घाला, आणि बँकेत सहीचा अधिकार तिघांपैकी कुणालाही असू द्या. मग तात्यांना कोऱ्या चेकवर सह्या न करताही लग्नाला जाता येईल.

नमस्कार.